जनजागृती नको, हिशेब द्या

पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होऊ नये, असा विचार राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवला आणि एक जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूला वाहतूकतज्ज्ञ, निवृत्त अधिकारी आणि पादचाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्था. त्यांचे म्हणणे असे की उपाय योग्यच आहेत, लोकांमध्ये जाणीव नाही, तेव्हा जनजागृती करा. दुसऱ्या बाजूला नोकरदार, दुकानदार, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि जवळजवळ सगळे राजकीय पक्ष. ते म्हणतात, लोकांना हे नको आहे, आधी धड बस द्या आणि मग आमच्या खिशात हात घाला. पार्किंग शुल्क असो, बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, असो किंवा गर्दीच्या भागात गाडी नेण्यासाठी शुल्क असो, गेली वीस वर्षे वाद याच दोन वाक्यांभोवती घुटमळतो आहे. पहिल्या पक्षाला लोक अडाणी वाटतात. दुसरा पक्ष लोकांच्या आजच्या रागालाच अंतिम निकाल मानतो.

दोन्ही मांडण्या मला चुकीच्या वाटतात. शहरातले वाहतुकीचे धोरण लोक स्वीकारतात की उधळून लावतात, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या माहितीवर फार मोठ्या प्रमाणात ठरते, हे खरेच आहे. पण ती माहिती म्हणजे चौकात लावलेला ‘सार्वजनिक वाहतूक वापरा, पर्यावरण वाचवा’ हा फलक नव्हे. आपल्या रस्त्यावरून आज किती माणसे जातात, बदल केल्यावर किती गेली, आपण भरलेला पैसा कुठे खर्च झाला आणि प्रयोग फसला तर मागे फिरायची सोय आहे का, या चार गोष्टी लोकांना जाणून घ्यायच्या असतात. आपल्या महापालिका त्यांची उत्तरे देत नाहीत, उपदेश देतात. मग विरोध झाला की खापर लोकांच्या अज्ञानावर फोडले जाते.

पुण्याच्या बीआरटीची गोष्ट यासाठी पुन्हा सांगावी लागते. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या रस्त्यावर देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले होते आणि त्याचा गाभा असा होता की रस्त्याचे नियोजन वाहनांसाठी न करता माणसांसाठी करायचे. तत्त्व उत्तम होते. प्रत्यक्षात लोकांनी काय पाहिले? अर्धवट थांबे, मध्येच तुटणारा मार्ग, त्यात बिनदिक्कत घुसणाऱ्या दुचाक्या आणि रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत जीव मुठीत धरून पळणारी म्हातारी माणसे. बीआरटी म्हणजे काय, हे पुणेकरांना कोणत्याही माहितीपत्रकाने शिकवले नाही, या रस्त्याने शिकवले. अहमदाबादने २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू केला तेव्हा तिकीट लावण्याआधी लोकांसाठी मोफत चाचणी-फेऱ्या चालवल्या. लोक बसले, थांबा आणि बस एका पातळीवर असते म्हणजे काय ते त्यांनी पायाने अनुभवले आणि मग धोरणाविषयी मत बनवले. पहिला मान पुण्याचा, पण पहिली ओळख अहमदाबादने नीट करून दिली.

बीआरटीवरचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र याहून साधा होता, आणि त्यावर थोडे थांबायला हवे, कारण सगळा वाद तिथे दडलेला आहे. ‘आम्ही इकडे तुंबलोय आणि शेजारची लेन रिकामी पडलीये,’ हे वाक्य दिल्लीतल्या आंबेडकर नगर–मूलचंद मार्गावर ऐकू आले आणि पुण्यात नगर रस्त्यावरही. दिल्लीचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला, २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची याचिका फेटाळली आणि तरीही २०१६ मध्ये तो उखडला गेला. न्यायालयात टिकलेली गोष्ट रस्त्यावर टिकली नाही. का? कारण नीट चालणारा बसमार्ग डोळ्यांना रिकामाच दिसतो. मिनिटाला एक बस गेली, तर मधली पंचावन्न सेकंदे तिथे डांबराशिवाय काही नसते. पण त्या बसमध्ये पन्नास माणसे असतील तर तासाला ३,००० माणसे त्या लेनमधून गेली. शेजारच्या लेनमधून, सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर, तासाला सात-आठशे मोटारी जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर ती झाली अकरा-बाराशे माणसे. भरलेली दिसणारी लेन कमी माणसे नेते, मोकळी दिसणारी जास्त. हे डोळ्यांना कधीच दिसणार नाही. ते मोजावे लागते आणि मोजलेले त्याच रस्त्यावर, त्याच तुंबलेल्या माणसाला दाखवावे लागते.

याच गणिताची दुसरी बाजू बीआरटीचे समर्थक सहसा सांगत नाहीत. मिनिटाला एकऐवजी पाच मिनिटांना एक बस आली, तर त्या लेनमधून तासाला ६०० माणसे जातील आणि मग ती लेन खरोखरच वाया गेलेली असेल. शिवाय पुणे दुचाक्यांचे शहर आहे. दुचाक्यांनी भरलेली लेन मोटारींच्या लेनपेक्षा कितीतरी जास्त माणसे नेते, त्यामुळे परदेशातले तक्ते इथे जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. म्हणजे नगर रस्त्यावर तुंबलेल्या माणसाची तक्रार काही ठिकाणी, काही वेळांना अगदी बरोबर असू शकते आणि काही ठिकाणी साफ चूक. कुठे बरोबर आणि कुठे चूक, हे ठरवायचा मार्ग एकच: थांब्यागणिक, तासागणिक मोजणी आणि तिचे जाहीर वाचन. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि नगरसेवक नसलेल्या त्या काळातच नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग उखडायला सुरुवात झाली. मार्ग काढणे योग्य होते की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. पण मार्ग बांधताना आणि उखडताना, दोन्ही वेळा तुंबलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हिशेब ठेवला गेला नाही, याबद्दल दुमत व्हायला नको. कोट्यवधी रुपये दोनदा खर्च झाले आणि एवढ्या मोठ्या प्रयोगातून शहर काय शिकले, हे कुठल्याही थांब्यावर लिहिलेले नाही.

पार्किंगच्या वादातही तेच. २०१८ मध्ये पुण्यातली नोंदणीकृत वाहने ३६ लाखांच्या पुढे गेली आणि शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकून गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये पार्किंग धोरण महापालिकेच्या मुख्य सभेपुढे आले. आंदोलने झाली, घोषणा झाल्या आणि शेवटी पाच रस्त्यांवर प्रायोगिक ‘पे अँड पार्क’ एवढ्यावर तडजोड झाली. तेवढेही वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. त्या वेळी सर्वांत जास्त टाळ्या घेणारा प्रश्न होता, ‘आम्ही रोड टॅक्स भरतो, मग रस्त्यावर गाडी लावायला पुन्हा पैसे का?’ हा प्रश्न अतिशय प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तरही आहे. गाडी घेताना भरलेला एकरकमी मोटार वाहन कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. आपल्या गल्लीतला रस्ता महापालिका करते, आणि तिचा पैसा मिळकतकर, बांधकाम विकास शुल्क आणि जकात आणि नंतरचा स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेल्यावर मिळणारे अनुदान यांतून येतो. मिळकतकर गाडी नसलेला माणूसही भरतो, भाडेकरू असेल तर भाड्यातून भरतो. एक मोटार उभी करायला ढोबळमानाने पाच मीटर बाय अडीच मीटर जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. पुण्याच्या पेठांमध्ये आणि वस्त्यांमध्ये एवढ्या खोलीत अख्खी कुटुंबे राहतात आणि तिचे भाडे भरतात. रस्त्यावरची तेवढीच जागा फुकट वापरणारा माणूस चोर नव्हे. त्याला ती जागा फुकट आहे असेच आजवर सांगितले गेले आहे. पण त्या जागेचे पैसे कोण भरतो, हे कळल्यावर वादाची भाषा बदलते. २०१८ च्या गदारोळात हे चार वाक्यांचे उत्तर महापालिकेने घरोघरी पोहोचवले का? मिळकतकराचे बिल तर ती दरवर्षी घरोघरी पोहोचवते. त्याच बिलाच्या मागे हे छापता आले असते.

लोक अडाणी आहेत, त्यांना तांत्रिक बाबी कळत नाहीत, या समजुतीला पुण्यानेच सणसणीत उत्तर दिले आहे. २०१३ मध्ये शहराच्या जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आल्या. त्यांतल्या बऱ्याच एकाच मजकुराच्या असतील, काही हितसंबंधातून आलेल्या असतील, हे मान्य. तरीही हजारो माणसांनी नकाशे उलगडले, आरक्षणाचे क्रमांक शोधले, टेकडीवर काय येणार आणि रस्ता कुठून जाणार ते वाचले. कारण त्यांच्या हातात नकाशा होता, दिलेल्या मुदतीत हरकत घ्यायचा कायदेशीर हक्क होता आणि ती ऐकून घ्यायचे बंधन होते. वाहतुकीच्या धोरणात यांतले काय असते? एखादे सादरीकरण, वर्तमानपत्रातली एक बातमी, आणि मग एके सकाळी रस्त्यावर खोदकाम.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा पहिला मोठा मुद्दा. लोक माहितीवरून ठरवत नाहीत, स्वार्थावरून ठरवतात, असे कोणी म्हणेल. मोटारवाल्याला कितीही गणित दाखवा, पार्किंगचे पन्नास रुपये त्याला नकोच असणार. याला पुरावेही आहेत. २००५ च्या फेब्रुवारीत एडिंबरात गर्दी शुल्कावर मतदान झाले आणि सुमारे ७४ टक्के लोकांनी ते नाकारले. २००८ च्या डिसेंबरात मँचेस्टर परिसरात तसेच मतदान झाले. तिथे शुल्काच्या बदल्यात जवळपास तीन अब्ज पौंडांची बस-ट्रामची योजना समोर ठेवलेली होती, माहितीपत्रके वाटलेली होती, तरी सुमारे ७९ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. माहिती होती, आमिष होते, मग काय कमी पडले?

याचे उत्तर स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये मिळते. तिथेही शुल्काला आधी कडाडून विरोध होता आणि वर्तमानपत्रे तुटून पडली होती. फरक क्रमाचा होता. ऑगस्ट २००५ मध्ये सुमारे २०० जादा बस रस्त्यावर आल्या. मग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असे सात महिने शुल्क प्रत्यक्ष लावून पाहिले. शहराच्या मध्यभागात शिरणारी वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली आणि ती कमी झालेली लोकांनी स्वतः खिडकीतून पाहिली. मोजणीचे आकडे जाहीर होत राहिले. मुदत संपताच शुल्क थांबवले, वाहतूक पुन्हा वाढली, तेही लोकांनी पाहिले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये मत विचारले गेले. शहरात थोड्या फरकाने का होईना, बहुमत शुल्काच्या बाजूने पडले. मिलानमध्येही तसेच घडले. २००८ पासून प्रदूषण शुल्काचा अनुभव घेतलेल्या शहराने २०११ मध्ये ते अधिक कडक करण्याच्या बाजूने मोठा कौल दिला. मँचेस्टरच्या माणसाला फक्त वचन मिळाले होते, स्टॉकहोमच्या माणसाला सात महिन्यांचा अनुभव आणि त्या अनुभवाचे आकडे मिळाले. वचनावर विश्वास ठेवायला मँचेस्टरचा माणूस का तयार झाला नाही, हे आपल्याला परक्या माणसाने समजावून सांगायची गरज नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती, तोच २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडलेला पाहणाऱ्या पुणेकराला वचनांची किंमत कळते. मुंबईकराने मोनोरेल पाहिली आहे. सरकारी अंदाज आणि प्रत्यक्ष प्रवासी यांच्यातले अंतर, हीसुद्धा लोकांनी कमावलेली माहितीच आहे. तिला अज्ञान म्हणणे अन्याय आहे.

स्टॉकहोमबद्दल एक शंका प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. तिथल्या अभ्यासकांना असेही आढळले की शुल्कानंतर आपले मत बदलले, हे बऱ्याच लोकांच्या लक्षातही नव्हते. आपण पहिल्यापासून बाजूनेच होतो, असे त्यांना वाटत होते. म्हणजे हा माहितीचा परिणाम कुठे, ही तर नुसती सवय, असे म्हणता येईल. सवयीचा वाटा मी नाकारत नाही. पण सवयच सगळे करत असती तर गोथेनबर्गमध्ये काय झाले? त्याच स्वीडनमधले दुसरे मोठे शहर. तिथे जानेवारी २०१३ मध्ये तसेच शुल्क लागू झाले, लोकांना पावणेदोन वर्षे सवय झाली आणि सप्टेंबर २०१४ च्या मतदानात ५७ टक्के लोक विरोधात गेले. मतदानाचा कौल बंधनकारक नव्हता म्हणून शुल्क टिकले, ही वेगळी गोष्ट. विरोधाचे एक मोठे कारण पैसा कुठे जातोय हे होते. शुल्काची रक्कम शहराखालून जाणाऱ्या रेल्वे बोगद्यासह मोठ्या प्रकल्पांसाठी लावली होती आणि तो बोगदाच अनेकांना नको होता. लोकांनी गर्दी कमी झाली की नाही एवढेच पाहिले नाही, पावती उलटून पाहिली. सवय आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोथेनबर्गने दाखवून दिले.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो. लोकांना शिकवले की लोक बदलतात, हे भारताने सिद्ध केले आहे, असे जनजागृतीचे समर्थक म्हणतात, आणि उदाहरण देतात नव्या पैशाचे. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढच्या वर्षीपासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आला. ज्या देशात बहुसंख्य लोक निरक्षर होते, तिथे रोजच्या बाजारातले गणित मुळापासून बदलले आणि देश कोसळला नाही. रूपांतराचे तक्ते टपाल कार्यालयांत आणि दुकानांत लागले, शाळेत मुले ते पाठ करून घरी सांगू लागली. स्वीडनचे उदाहरण तर आणखी ठसठशीत. १९५५ मध्ये सुमारे ८३ टक्के लोकांनी डावीकडून उजवीकडे वाहतूक नेण्यास मतदानात नकार दिला होता. तरी संसदेने निर्णय घेतला, घरोघरी पुस्तिका गेल्या, आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळा देश रस्त्याची बाजू बदलून मोकळा झाला.

ही दोन्ही उदाहरणे मला फार प्रिय आहेत, पण ती पार्किंगला लागू पडत नाहीत. नव्या पैशात कोणी कोणाला काही द्यायचे नव्हते. आण्याचे सव्वासहा पैसे होतात, तेव्हा वरच्या पाव पैशाचे काय, एवढीच काय ती खळखळ. रस्त्याची बाजू बदलताना श्रीमंत-गरीब, मोटारवाला आणि सायकलवाला सगळे एकाच क्षणी बदलले. जिथे सगळ्यांचे सारखेच जाते आणि सारखेच येते, तिथे ‘कसे करायचे’ हे शिकवले की काम होते. वाहतुकीच्या धोरणात तसे नसते. इथे कोणाची तरी फुकटची जागा जाणार आणि कोणाला तरी चालायला फुटपाथ मिळणार. एकाचा प्रवास दहा मिनिटांनी लांबणार, दुसरीचा वीस मिनिटांनी कमी होणार. असे वाटप करताना फक्त पद्धत शिकवणे पुरत नाही, कोणाचे किती गेले आणि कोणाला किती मिळाले ते सांगावे लागते. त्याला जवळचे उदाहरण राजस्थानातल्या जनसुनवायांचे आहे. १९९४ पासून तिथे मजूर किसान शक्ती संघटनेने गावागावांत सरकारी कामांची हजेरीपत्रके मोठ्याने वाचली. न झालेली कामे आणि न आलेल्या मजुरांची नावे लोकांनी तिथेच ओळखली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना सरकारी हिशेब तपासता आला, कारण तो त्यांच्याच गावाचा, त्यांच्याच ओळखीच्या माणसांचा होता. आपल्या चौकातल्या रस्त्याचा हिशेब आपल्याला तपासता येणार नाही, असे मानायला मग काय आधार आहे?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. सगळ्यांची समजूत पटेपर्यंत थांबलात तर काहीच होणार नाही. लंडनमध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी जनमत घेतले नाही. १७ फेब्रुवारी २००३ रोजी पाच पौंडांचे शुल्क लावले आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडूनही आले. धाडस आधी, समजूत मागाहून. हे बरेचसे खरे आहे, आणि मीही प्रत्येक फुटपाथसाठी मतदान घ्या असे म्हणत नाही. पण लंडनमध्ये काय काय जागेवर होते तेही पाहिले पाहिजे. २००० च्या निवडणुकीत हे शुल्क लिव्हिंगस्टन यांनी उघडपणे जाहीरनाम्यात मांडले होते. सुरुवातीच्या दिवशी सुमारे ३०० जादा बस उभ्या होत्या. जमा होणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायद्याचे बंधन होते. पश्चिमेकडे वाढवलेले क्षेत्र लोकांना नको वाटले तेव्हा पुढच्या महापौरांच्या काळात ते मागेही घेतले गेले. हे धाडस हिशेबाच्या पायावर उभे होते. आपल्याकडे निवडणुकीत पार्किंग शुल्क घेऊ असे छातीठोकपणे सांगणारा एखादा पक्ष आठवतो का? निवडणुकीत गप्प राहायचे, नंतर प्रशासनाने प्रस्ताव आणायचा आणि विरोध झाला की सगळ्यांनी मिळून तो फेटाळायचा, या पद्धतीला धाडस म्हणता येत नाही.

उरतो तो सामान्य माणसाचा मुद्दा: आधी बस द्या. यात मला काहीही खोडायचे नाही. लाख लोकसंख्येमागे पन्नासेक बस असाव्यात, असा ढोबळ निकष वापरला जातो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या साठ लाखांवर धरली तरी तीन हजारांहून जास्त बस हव्यात. रोज दोन हजार बस रस्त्यावर उतरवतानाही पीएमपीची, म्हणजे या दोन शहरांच्या बससेवेची, दमछाक होते. जून २०२५ पासून किमान तिकीट दहा रुपये झाले. बसची वाट पाहत अर्धा तास थांब्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला ‘गाडी घेऊ नका’ हे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. तिने कर्ज काढून दुचाकी घेतली तर ते अज्ञान नव्हे, उपलब्ध माहितीवर घेतलेला अगदी शहाणा निर्णय आहे. मुंबईत जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपये झाले तेव्हा थोड्याच दिवसांत बसला गर्दी वाढली. ‘बेस्ट वापरा’ असे कोणी समजावून सांगावे लागले नाही. खिशाला कळले की पाय आपोआप वळतात.

पण ‘आधी बस’ या वाक्यातला ‘आधी’ हा शब्द अनेकदा ‘कधीच नाही’ या अर्थाने वापरला जातो, तिथे मी थांबतो. लक्ष्मी रस्त्यावर किंवा सिंहगड रस्त्यावर नवी बस आणली आणि थांब्यासमोर तीन मोटारी लावलेल्या असतील, तर ती बसही तिथेच अडकणार. बस अडकली की फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की प्रवासी दुचाकी घेतात, दुचाक्या वाढल्या की बस आणखी अडकते. स्टॉकहोमने बस पाच महिने आधी आणल्या, पाच वर्षे नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच वेळापत्रकात बांधलेल्या होत्या, आणि ते वेळापत्रक जाहीर होते. आपल्याला हवे आहे ते असे जाहीर वेळापत्रक. अमुक तारखेपर्यंत या मार्गावर इतक्या बस आल्या नाहीत तर शुल्क सुरू होणार नाही, अशी अट धोरणातच लिहा. मग ‘आधी बस द्या’ म्हणणाऱ्याला विरोध करायला कारण उरत नाही, आणि बस न देणाऱ्याला लपायला जागा उरत नाही.

जपानचा दाखला परिवहनमंत्र्यांच्या विचारामुळे पुन्हा चर्चेत आला, म्हणून त्याविषयीही थोडे. गाडीसाठी जागा असल्याचा दाखला मागणारा जपानचा कायदा १९६२ चा आहे. तेव्हा तिथल्या बहुतेक कुटुंबांकडे मोटार नव्हतीच. ज्याच्याकडे अजून काही नाही, त्याच्याकडून काही काढून घेतले जात आहे असे त्याला वाटत नाही. आपण तो क्षण कधीच ओलांडला आहे. इथे आता हा नियम आणायचा तर ज्या सोसायट्यांमध्ये बिल्डरने पार्किंग नीट दिलेच नाही, ज्या जुन्या वाड्यांत जागाच नाही, त्यांचे काय, हे आधी सांगावे लागेल. खोटे दाखले कसे रोखणार, तेही. ‘जपानमध्ये आहे’ एवढे सांगून भागणार नाही.

या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५, याच्या कलम ४(१)(ग) नुसार महत्त्वाची धोरणे आखताना किंवा लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतःहून. पुढचेच उपकलम निर्णयामागची कारणे बाधित लोकांना द्यायला सांगते. आपण या कायद्याचा वापर घोटाळा झाल्यावर कागद मागण्यासाठी करतो. निर्णय होण्याआधी वस्तुस्थिती मागण्यासाठीही तो आहे, हे पादचाऱ्यांच्या संस्थांनी, दुकानदारांच्या संघटनांनी आणि विरोधी पक्षांनीही लक्षात घ्यायला हवे. पार्किंग शुल्काच्या बाजूने असणाऱ्यालाही ती वस्तुस्थिती लागते आणि विरोध करणाऱ्यालाही.

सुरुवात लक्ष्मी रस्त्यावरून करता येईल. ११ डिसेंबर २०२१ रोजी तिथे पादचारी दिन साजरा झाला, वाहने बंद ठेवून लोक मोकळेपणाने चालले. चांगला उपक्रम होता, पण एका दिवसात सण होतो, प्रयोग होत नाही. सणाच्या दिवशी दुकानदाराचा गल्ला वाढला की घटला, यावरून वर्षाचा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे सहा महिन्यांचा प्रयोग जाहीर करावा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख आधी सांगून. त्याआधी एक महिना चालणारी माणसे, दुचाक्या, मोटारी, बसचा वेग आणि स्वेच्छेने माहिती देणाऱ्या दुकानांची विक्री मोजावी, मोजायला व्यापारी संघटनेची माणसेही बरोबर घ्यावीत. पीएमपीच्या तिकीट यंत्रांत कोण कुठे चढले याची नोंद रोज होतेच, ती थांब्यावर लावावी. सम-विषम तारखांना गाडी कुठल्या बाजूला लावायची हे सांगणारे ‘पी-वन, पी-टू’चे फलक जिथे आहेत तिथेच शेजारी दर महिन्याचे आकडे आणि जमा झालेल्या पैशांचा खर्च लिहावा. कोणता आकडा कुठे पोहोचला तर प्रयोग गुंडाळायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून त्याच फलकावर लिहावे, आणि तो तिथे पोहोचला तर खरोखर गुंडाळावा.